नेमकी कार्याच्या दिवशीच गाडी बसते: बॅटरी पुन्हा पुन्हा उतरण्यामागचं कारण कसं शोधायचं

सुदामा नगरात मुंज, राजेंद्र नगरात साखरपुडा, नाहीतर सगळ्यांना घेऊन आधी खजराना गणपती आणि तिथून उज्जैन असा बेत. नऊवाऱ्या नेसून झाल्यात, गुरुजींचा फोन येऊन गेलाय, आणि गाडी नुसती कट-कट-कट करते. मग धावाधाव होते, नवी बॅटरी पडते. सहा महिन्यांनी पुढच्या कार्याला पुन्हा तेच. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत ही तक्रार इतक्या वेळा कानावर येते की शेवटी कुणीतरी गाडीच्या पायगुणावर घसरतं.

पायगुण वगैरे काही नाही. कार्याचा दिवस आणि त्याची आदली रात्रच बॅटरी खाते. नवी बॅटरीही तशीच खाल्ली जाते, कारण कुठे काय गळतंय हे कुणी मोजलेलंच नसतं.

बॅटरी जाते कुठे

छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी असते. म्हणजे १ अँपिअरचा भार असेल तर कागदावर ३५ तास पुरेल इतकी. सगळ्यांना वाटतं की सेल्फ मारताना ती सगळ्यात जास्त जाते. सेल्फ दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो हे खरं, पण ओढतो जेमतेम दोन सेकंद. हिशेब केलात तर एका वेळेला ०.१ एएचसुद्धा खर्च होत नाही, आणि इंजिन चालू झालं की तेवढं काही मिनिटांत भरून निघतं.

खरी गळती गुपचूप चालते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट मिळून ९ अँपिअर घेतात. ते चुकून चालू राहिले तर दोन-तीन तासांत खेळ खलास. पोरं गाडीत बसून इग्निशन ऑन करतात, गाणी आणि वर पंखा फुल लावतात. तासाभरात बॅटरीचा मोठा घास जातो. वर लोक सामान ठेवत-काढत असतात, चारही दारं उघडी, आतले दिवे चालू.

आणि डिक्की. माझ्या मते कार्याच्या घरातली निम्मी भानगड डिक्कीतच असते. आदल्या रात्री चौरंग, समया, पाट, पंच्यांचं गाठोडं, तांब्या-ताम्हनं सगळं कोंबलं जातं. पाटाचा एक कोपरा झाकणाला आतून टेकतो. वरून दाबलं की 'टक' होतं, झाकण लागल्यासारखं वाटतं, पण कुलूप पहिल्याच खाचेत अडकलेलं असतं. बाहेरून बघाल तर कडेची फट बोटाच्या पेराएवढीही नसते. आत मात्र ५ वॅटचा दिवा रात्रभर जळतो. ०.४ अँपिअर, दहा तास, म्हणजे ४ एएच. नवी, भरलेली बॅटरी हे सहज सोसते. तीन-चार वर्षांची, आठवडाभर न फिरलेली, आधीच अर्ध्यावर आलेली बॅटरी नाही सोसत. नव्या गाड्यांत ठरावीक वेळाने हा दिवा आपोआप विझतो. जुन्यांत आणि स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा नाही. शंका असेल तर फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन डिक्कीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने काढून बघा. दिवा विझला की नाही ते स्वच्छ दिसतं.

त्यात छोट्या फेऱ्या. सियागंजातून किराणा, राजवाड्याजवळून फुलं, परत घर, मग पाहुण्यांना आणायला स्टेशन. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची, निम्मा वेळ चौराह्यावर उभं, एसी चालू, संध्याकाळी दिवे चालू. इंजिन नुसतं गुरगुरत असतं तेव्हा बॅटरी भरणारा अल्टरनेटर (आपले जुने मिस्त्री अजूनही डायनामोच म्हणतात) फार थोडं देतो. दिवसभर गाडी फिरली म्हणून बॅटरी चार्ज झाली असं आपण धरून चालतो. खरं तर ती संध्याकाळी सकाळपेक्षा रिकामी असू शकते.

आपल्याकडच्या हवामानाचाही वाटा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात बोनेटखालची उष्णता. बॅटरी आतून तेव्हाच खराब होत जाते, पण गरम इंजिन हलकं फिरतं म्हणून कळत नाही. उघडं पडतं ते डिसेंबर-जानेवारीच्या लग्नाला, सकाळच्या गारठ्यात.

त्या सकाळी: आधी माणसं

किल्ली फिरवली आणि गाडी उठली नाही, तर घड्याळ बघा आणि स्वतःला दहा मिनिटं द्या. त्यात जमलं तर ठीक, नाहीतर माणसं दुसऱ्या वाहनाने रवाना. मुंज असेल तर बटू, आई-वडील, आजी आणि मामा पहिल्या खेपेत. मामाला गाडीजवळ ठेवू नका. त्याच्यावाचून तिकडे अडतं. बॅटरीवाल्याची वाट बघायला एखादा भाचा-पुतण्या पुरे, ज्याची गैरहजेरी मंगलाष्टकांपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

माणसांबरोबर डिक्कीतलं सामानही काढा. इथे एक मेख आहे. बऱ्याच गाड्यांच्या डिक्कीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी मेली की बटण दाबून काही होत नाही आणि पूजेचं सगळं साहित्य आत अडकतं. मागच्या सीटची पाठ पुढे पाडून आतून हात घालता येतो. काही गाड्यांत झाकणाच्या आतल्या बाजूला, एका छोट्या खाचेत, सुटकेची कळ असते. दारं उघडत नसतील तर रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, ती बाहेर काढा. चालकाच्या हँडलपाशी कधी उघडं, कधी झाकणाखाली दडवलेलं भोक असतं. हे दोन्ही एकदा निवांत असताना करून बघावं.

आवाज काय सांगतो

शेजारचे काका खिडकीतून "मार अजून एक सेल्फ" म्हणत राहतील. ऐकू नका. सगळे दिवे, एसी, गाणी बंद करा, एकदाच किल्ली फिरवा आणि कान द्या.

भरभर कट-कट-कट, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद किंवा फडफडताहेत: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीच्या टोकाला वायर धरून ठेवणारं कडं) सैल आहे. बोनेट उघडून आधी दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने फिरलं तर बॅटरीत दोष असेलच असं नाही. १० नंबरच्या पान्याने घट्ट करा, पुन्हा सेल्फ मारा. गेल्या पावसाळ्यात कुणी बॅटरी काढून बसवली असेल तर हे हमखास सापडतं.

एकच जोरदार 'टक', पण दिवे झगझगीत: बॅटरी ठीक, दोष सेल्फच्या मोटरमध्ये, तिच्या स्विचमध्ये किंवा वायरीत. अशा वेळी जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या वायरी) लावून उपयोग नाही. त्याच 'टक'बरोबर सगळे दिवे गुडुप झाले तर मात्र पुन्हा टर्मिनलकडे वळा.

काहीच आवाज नाही, दिवे मात्र व्यवस्थित: ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एन मध्ये आहे का बघा. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबा. कार्यासाठी अंथरलेली जादा मॅट क्लचखाली गोळा झालेली असते आणि पॅडल शेवटपर्यंत जात नाही. बटणाची गाडी किल्ली ओळखत नसेल तर किल्लीतला सेल गेलाय. बहुतेक गाड्यांत किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून तिनेच बटण दाबलं की इंजिन चालू होतं.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही: बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल, स्पार्क किंवा किल्ली ओळखणारी यंत्रणा, यांपैकी काहीतरी आहे. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली आणा. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारत बसू नका, नाहीतर बॅटरीही जाईल आणि मग दोन आजार एकत्र होतील.

जंपर लावताना

शेजाऱ्याची गाडी जवळ आणा, दोन गाड्या एकमेकींना चिकटू देऊ नका, दोन्ही बंद करा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. म्हणून हा द्राविडी प्राणायाम. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग आपली. वायरी काढताना उलट क्रम.

उज्जैन किंवा ओंकारेश्वरच्या रस्त्यावर अडकलात आणि एखादा ट्रकवाला मदतीला थांबला, तर त्याचा चहा जरूर घ्या, जंपर घेऊ नका. मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते; तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर जळेल. तो आग्रहाने म्हणेल, "कुछ नहीं होगा भिया." होतं.

अजून एक चाल सर्रास चालते: दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून लावायची, इंजिन चालू करायचं आणि चालू इंजिनवरच ती काढून आपली मेलेली पुन्हा जोडायची. जुन्या जीपला चालायचं ते. आताच्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स मरतं. कुणी असं करायला लागला तर हात धरा.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअलला. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, गाडीला वेग आला की झटकन सोडायचा. ऑटोमॅटिकला आणि एएमटीला (गिअर आपोआप बदलणारी, क्लचचं पॅडल नसलेली गाडी) नको. बॅटरी ठार मेली असेल, एकही दिवा लागत नसेल, तर मॅन्युअलही धक्क्याने उठत नाही. पंपाला आणि कॉम्प्युटरला थोडी तरी वीज लागतेच. सिल्कचा सदरा घातलेल्या चार काकांना कामाला लावण्यापूर्वी एवढं पाहून घ्या.

गाडी चालू झाली म्हणजे बरी झाली नाही. वीस मिनिटांत कार्यालय गाठून बंद केलीत तर तिथे पुन्हा बसेल. रिकामी बॅटरी अल्टरनेटरवर भरायला काही तास लागतात. म्हणून कार्यालयावर माणसं उतरवा, इंजिन बंद न करता गाडी थेट बॅटरीवाल्याकडे न्या, तपासून घ्या, गरज पडली तर तिथेच चार्जिंगला ठेवा. उज्जैन ५५ किलोमीटर आहे, तेवढ्यात चार्ज होईल असा तर्क कुणीतरी लढवेल. अल्टरनेटरच खराब असेल तर तुम्ही वाटेतच थांबाल, तेही मुलाबाळांसकट. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा इंजिन चालू असताना पेटलेला असेल तर शहराबाहेर काढूच नका.

आणि बाहेर असताना बंद पडलीच तर गाडी डाव्या कडेला, चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण मागे लांब, माणसं रेलिंगपलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, जिवाचा प्रश्न असेल तर ११२. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलेलं असतं आणि कुणाच्या ध्यानात नसतं. पॉलिसी फोनमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक गाडी टोचन करून ओढून नेऊ देऊ नका, सपाट ट्रक मागवा.

कार्य उरकल्यावर मोजमाप

इथेच बहुतेक जण कंटाळा करतात. बॅटरीवाला म्हणतो "नई डाल दो", आपण टाकतो. माझ्या आतेभावाच्या गाडीत अशीच नवी बॅटरी पडली, आणि पुढच्या कार्याला तीही बसली. दुकानदाराने वॉरंटीत बदलून दिली, तिचंही तेच. शेवटी निघालं काय, तर पुढच्या काचेवरचा डॅशकॅम. बसवणाऱ्याने त्याची वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजऐवजी कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर टाकली होती. गाडी रोज फिरायची तोवर काही कळलं नाही. घरी लगीनघाई सुरू झाली, गाडी आठवडाभर उभी राहिली, की उतरायची.

साधा मल्टीमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी, दार न उघडता जमलं तर उत्तम, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली घसरत असेल तर तिचं आयुष्य संपलंय. इंजिन चालू झाल्यावर, दिवे आणि एसी लावून, १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणूनच दिवे लावून बघायचं. १३ च्या वर जातच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा, बॅटरी नाही.

या तीन आकड्यांत सगळं चोख असूनही गाडी बसत असेल तर गळती शोधायची. मायनसची वायर काढून ती वायर आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्या मधे मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेवर जोडा. जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. बोनेट उघडंच राहणार, तेव्हा त्याचा दिवा असेल तर काढा. दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून गाडीला दार लागल्यासारखं भासवा. किल्ली घरात, गाडीपासून चांगली लांब ठेवा. बिनकिल्लीच्या काही गाड्या किल्ली जवळपास असली की झोपतच नाहीत, आणि आपल्याकडे किल्ल्यांचा खिळा नेमका पोर्चच्या भिंतीला असतो. मग थांबा. सगळे कॉम्प्युटर झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीचा मोठा आकडा बघून घाबरू नका. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल, त्या वाटेवर चोर आहे. बाहेरून बसवलेल्या गोष्टी आधी धरा: डॅशकॅम, ट्रॅकर, म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये कायम खोचलेला छोटा डोंगल. ३०० मिलीअँपिअरची गळती क्षुल्लक वाटते, पण दिवसाला ७ एएच होतात. तीन दिवस गाडी उभी राहिली की ३५ मधले २१ गेले.

हे स्वतः करायचं नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, बॅटरीच्या दुकानात नाही. एकाचा धंदा बॅटरी विकण्याचा, दुसऱ्याचा दोष शोधण्याचा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर लाल टोपण वर करून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. आधी मायनस काढा, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओता, फेस येऊन बसला की जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आधी प्लस लावा, मग मायनस, वर पेट्रोलियम जेलीचा हात. हातातली अंगठी आणि बांगडी त्यापूर्वी काढून ठेवा. पान्याबरोबर प्लसला लागली तर चटका साधा नसतो.

बॅटरी बदलायचीच ठरली तर एक बघा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी टाकली तर ती लवकर बसते, आणि मग "नवी टाकूनही तेच" ही तक्रार सुरू. वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्या, बिलाचा फोटो काढा. फुकट बदलून मिळण्याची मुदत आणि पुढची थोडे पैसे भरून बदलण्याची मुदत वेगवेगळी असते, दोन्ही विचारा.

सगळं तपासलं, गळती नाही, चार्जिंग बरोबर, आणि तरी गाडी दोन-तीन आठवडे नुसती उभी राहणार असेल, उदाहरणार्थ घरातले सगळे पुण्याला गेलेत, तर निघताना मायनसचं टर्मिनल सोडवून ठेवा. परत जोडल्यावर घड्याळ नव्याने लावावं लागेल, काही गाड्यांत काचा एकदा पूर्ण वर-खाली कराव्या लागतील, आणि म्युझिक सिस्टीम कोड मागेल. तो कोड मॅन्युअलबरोबर आलेल्या एका छोट्या कार्डावर असतो. ते कार्ड गाडीत नाही, घरात ठेवा.